वायकाटोकाठचं रोमन साम्राज्य

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनमध्ये रोमन साम्राज्य अजून शाबूत आहे आणि त्याचा सगळा कारभार माझे साडू एकट्याने पाहतात. खोटं वाटत असेल तर एखाद्या रविवारी सकाळी वायकाटो नदीच्या काठी या. डोक्यावर कानटोपी, गळ्यात दुर्बीण, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि त्या जँडल्सच्या पट्ट्यात कसेबसे कोंबलेले लोकरी मोजे, असे एक साठी ओलांडलेले गृहस्थ पाणवठ्याजवळच्या एका साध्या विलोच्या झाडाकडे बोट दाखवून तिथे सम्राट ऑगस्टसचं देऊळ असल्याचं सांगताना दिसतील. ऐकायला तीन माणसं असतात. त्यांतली दोन म्हणजे मी आणि माझी बायको. या माणसापुढे मी केव्हाच हात टेकले आहेत, पण रविवार चुकवण्याची माझी टाप नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. जन्मभर त्यांनी दुधाची पावडर करणाऱ्या कारखान्यात पाइप, व्हॉल्व्ह आणि गळती यांच्या सहवासात नोकरी केली. इतिहासाशी त्यांचा संबंध नव्हता. तो होता ताईंचा. ताई पुण्यात आर्किटेक्चर शिकल्या आणि इथे येऊन एका दुकानात लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढत राहिल्या. कॉलेजात असल्यापासून त्यांच्या मनात एकच सहल होती. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून बोटीने जायचं, दोन्ही काठांवरची रोमन देवळं, नाट्यगृहं आणि कमानी बघायच्या आणि मधूनमधून द्राक्षमळ्यांत थांबायचं. मुलगी मार्गी लागली की जाऊ, साडू निवृत्त झाले की जाऊ, असं करत सगळं जुळून आलं तेव्हा ताईंच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. मग एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. त्यात रक्तदाब मध्येच कोसळायचा, म्हणून डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला. नवी किडनी मिळाली तरच जाता येईल, असं सांगितलं. साडू ताबडतोब स्वतःची द्यायला निघाले, पण त्यांच्या मधुमेहामुळे ती कुणी घेईना. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी गॅरेजमधलं सगळं सामान बाहेर काढलं आणि होतं तसंच परत आत लावलं. पुढच्या आठवड्यात आम्हाला फोन केला आणि सांगितलं, की किडनी मिळेपर्यंत आपण सहलीची रंगीत तालीम करायची आहे.

तालीम म्हणजे त्यांनी आख्खं ऱ्होनचं खोरं वायकाटोच्या काठावर आणून बसवलं. बागेपाशी लिऑन, तिथून खाली ऑगस्टसच्या देवळाचं व्हिएन, मग द्राक्षमळे, मग ऑरेंज, आव्हिन्यों आणि सगळ्यात शेवटी आर्ल. मी पहिल्याच दिवशी शंका काढली, की ऱ्होन दक्षिणेला वाहते आणि आपली वायकाटो उत्तरेला, म्हणजे हे सगळं उलटं झालं. साडू याच प्रश्नाची वाट पाहत होते. ते म्हणाले, की प्रवाहाबरोबर चालत राहिलं की तिथे दुपारचं ऊन तोंडावर येतं आणि पृथ्वीच्या या अर्ध्या भागात सूर्य उत्तरेला असल्यामुळे इथेही ते तोंडावरच येतं. मी घरी येऊन कागदावर गोल काढून तपासलं. ते बरोबर निघालं. तेव्हापासून मी शंका काढणं सोडून दिलं.

फेअरफील्डचा पांढरा कमानींचा पूल हा त्यांचा पाणी वाहून नेणारा रोमन पूल. त्याच्या कमानी रस्त्याच्या वर आहेत, याबद्दल त्यांनी एकदा न्यूझीलंड सरकारच्या वतीने आमची माफी मागितली. रोमन असते तर कमानी खाली घातल्या असत्या, पण चालवून घ्या, म्हणाले. राजे, लढाया, कट, खून यांत त्यांना काडीचा रस नाही. रोमन माणूस त्यांना आवडतो तो पाण्याला उतार देणारा म्हणून. पंप नाही, वीज नाही आणि डोंगरातलं पाणी गावात येतंय, हे सांगताना ते दर वेळी थांबतात आणि आपल्याच कारखान्यातल्या एखाद्या सहकाऱ्याचं कौतुक करावं तसं म्हणतात, 'आपल्याच लाइनीतले होते हो ते लोक.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की ते मला झोपेतही ऐकू येतं. मुलगी वेलिंग्टनहून आली की वैतागून म्हणते, 'डॅड, दॅट्स जस्ट अ रोइंग क्लब.' साडू शांतपणे मराठीत उत्तर देतात, की हो, रोमन नावाड्यांचा. समोरून कुणी माओरी पद्धतीने किया ओरा म्हणून नमस्कार केला, तर हे हात वर करून लॅटिनमध्ये साल्व्हे म्हणतात. कुत्रं फिरवायला येणारी एक म्हातारी बाई तर आता लांबूनच यांना साल्व्हे करते. त्या दिवशी ते हवेत असतात.

वाइनचं प्रकरण मी सहसा कुणाला सांगत नाही. साडू कट्टर निर्व्यसनी. कंपनीच्या ख्रिसमस पार्टीत ते घरून ताक न्यायचे. पण त्या खोऱ्यात जाऊन वाइन चाखली नाही, तर सहल पुरी होणार नाही, असं ताई एकदा म्हणाल्या आणि यांनी मनावर घेतलं. ऱ्होनकाठची द्राक्षं इथल्या हॉक्स बे भागातही पिकतात, एवढं शोधून ते एक बाटली घेऊन आले. अडचण वेगळीच होती. डायलिसिसच्या माणसाला पाणीसुद्धा मोजून असतं. चहा, ताक, आमटी सगळं त्या हिशेबात धरायचं. डॉक्टर म्हणाले, थोडीशी वाइन चालेल. थोडीशी म्हणजे किती, यावर साडूंनी आठवडाभर डोकं खाजवलं आणि रविवारी नदीकाठच्या बाकावर पिशवीतून तांब्याचं पंचपात्र आणि पळी काढली. पंचपात्रात लालभडक वाइन ओतली. ताईंनी उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे केला, यांनी एक पळी वाइन त्यात घातली, ताईंनी ती तीर्थासारखी घेतली आणि सवयीने ओला हात केसांवरून फिरवला. माझी बायको पांढरीफटक पडली.

'भाऊजी, अहो देवाची पळी आहे ती.'

'देवाची घरी आहे,' साडू म्हणाले. 'ही रोमन लोकांची.'

पंक्तिभेद नको म्हणून आम्हालाही पळीनेच मिळाली. मला वाइन आवडते, आणि त्या सुंदर बाटलीतली एक पळी घेऊन मला ओल्या हाताने घरी यावं लागलं. उरलेली त्यांनी घरी नेऊन कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली. चवीचं वर्णन करायचा मात्र त्यांचा आग्रह असतो. पुस्तकांत देतात ती फळं त्यांना ओळखू येत नाहीत. ते डोळे मिटून सांगतात, आधी आमसूल, मग जांभूळ आणि शेवटी नव्या दप्तराचा वास. ताई म्हणतात, मला तर धनेपूड लागते. मग त्या दोघांचं धनेपूड की दप्तर यावर मनसोक्त भांडण होतं आणि आम्ही बदकं बघत बसतो.

सुरुवातीची काही वर्षं लिऑन ते आर्ल हे अंतर चांगलं लांब होतं. परत गाडीपर्यंत येता येता माझे पाय दुखायचे. मग ताईंना धाप लागू लागली. एका रविवारी व्हिएन पुलाच्या अलीकडे आलं. काही दिवसांनी द्राक्षमळे व्हिएनला चिकटले. थंडीत ताईंना चाकाच्या खुर्चीतून आणावं लागलं, तेव्हा ऑगस्टसचं देऊळ विलोखालून उठून चक्क पार्किंगशेजारच्या कचऱ्याच्या डब्यापाशी आलं. मला राहवलं नाही. देऊळ तर मागे झाडापाशी होतं ना, असं मी थट्टेने विचारलं. साडूंनी खुर्चीचा ब्रेक लावला, मला थोडं बाजूला नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, 'तिला तिथवर नेता येत नाही, म्हणून ते इकडे आणलंय. तुम्ही काही बोलू नका.' ताईंना ते ऐकू गेलं असणार. त्या डब्याकडे बघून त्यांनी खांबांची उंची बरोबर असल्याचं सांगितलं.

गेल्या महिन्यात ताईंच्या हृदयाच्या तपासण्या झाल्या. हृदय फार अशक्त झालंय, किडनी बदलण्याचं ऑपरेशन ते सोसणार नाही, म्हणून त्यांचं नाव आता किडनीसाठी धरलं जाणार नाही, असं डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. बायकोने मला फोनवर हे सांगितलं, तेव्हा मी ऑफिसात होतो. रविवारी आता कोण जातंय, असं मला वाटलं. पण सकाळी ठरलेल्या वेळेला साडूंचा मेसेज आला, की ऊन आहे, या.

आम्ही गेलो. साम्राज्य आता एका बाकापुरतं उरलं होतं. ताईंच्या मांडीवर शाल होती आणि नदी नेहमीसारखीच घाईत होती. साडू उभे राहून व्हिएनच्या देवळाबद्दल बोलत होते, नेहमीच्याच शब्दांत. ताईंनी मध्येच त्यांचा हात धरला.

'अहो, मी नसेन तेव्हा तुम्ही एकदा खरंच जाऊन या तिथे.'

साडू म्हणाले, 'एकटा जाऊन काय करू? मला कुठे फ्रेंच येतं.'

ताई हसल्या. इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला आणि बायको पाठ चोळायला उठली. ठसका थांबल्यावर त्यांनी शाल नीट केली. 'बरं, चला पुढे,' म्हणाल्या. 'पुढचं गाव कुठलं?'

साडूंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग दुर्बीण हातात घेऊन उगाच तिची काच पुसली. मला कळलं, की ज्या माणसाला ती सगळी गावं पाठ आहेत, त्याला या क्षणी एकही आठवत नाहीये. मला फार भीती वाटली. असं कधीच झालं नव्हतं.

'ऑरेंज,' मी म्हणालो. 'ऑरेंज येतं पुढे.'

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी इतकी वर्षं बदकं मोजत बसलेलो असायचो, असा तिचा समज होता आणि माझाही तोच होता. पण कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलत सुटलो. तिथलं नाट्यगृह, त्याची ती प्रचंड दगडी भिंत, वर मधोमध सम्राटाचा पुतळा, खाली कुजबुजलं तरी शेवटच्या पायरीवर ऐकू येतं, असं जे जे आठवेल ते. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. घाईघाईत मी ऑरेंजचं नाट्यगृह आर्लला नेलं आणि आर्लचं झुंजींचं मैदान ऑरेंजला आणलं. बोलता बोलताच ते माझ्या लक्षात आलं आणि मी साडूंकडे पाहिलं. साधा उच्चार चुकला तरी जो माणूस माझं वाक्य अर्ध्यावर तोडायचा, तो खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता आणि माझं सगळं चुकलेलं मान डोलावून ऐकून घेत होता.