भोंग्यानंतरचं दुसरं जेवण

चिंचवडला कंपनीच्या गेटासमोर, मुंबई रस्त्याच्या पलीकडे, एक खानावळ होती. तिला पाटी नव्हती. सगळे तिला 'गोठा' म्हणत, आणि त्यात अपमान काही नव्हता, कारण तो खरोखरच गोठा होता. खानावळ चालवणाऱ्या मावशींची जमीन कंपनीत गेली, पाठोपाठ बैलं विकली गेली, आणि रिकाम्या गोठ्यात त्यांनी फरशी घालून घेतली. गव्हाणी काढल्या तरी लाकडी मेढी तशाच राहिल्या. त्यांना खिळे ठोकून कामगार आपल्या टोप्या आणि पिशव्या अडकवत.

"आधी हितं बैलं खायाची, आता तुमी खाता," मावशी म्हणायच्या. "बैलं बरी व्हती. हात धुवाया पानी मागत न्हवती."

माझे वडील त्या कंपनीत फाउंड्रीत होते. आई आणि धाकटी भावंडं गावाकडे, आणि आम्ही दोघं चिंचवड गावात एका खोलीत. माझं कॉलेज पुण्यात, सकाळचं. दुपारी बसमधून उतरलो की मी सरळ गोठ्यात जायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी तिथे नेमकं काय करतो याविषयी सगळ्यांना कुतूहल होतं. खरं तर मलाही होतं.

"काय पंडित, आज काय शिकवलं?" वडिलांच्या शेजारी बसणारे एक वेल्डरकाका रोज विचारायचे.

मी मनापासून सांगायचो. एकदा अर्थशास्त्रातली मागणी आणि पुरवठा समजावून सांगत होतो. माझं वाक्य संपायच्या आत काकांनी ताट पुढे सरकवलं. "कळलं. माझी मागणी आहे एका भाकरीची. मावशी, पुरवठा करा."

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. तेवढ्यात रस्ता ओलांडून येणं, जेवणं आणि परत जाणं व्हायला हवं, म्हणून मावशींनी एक पद्धत घातली होती. भोंगा व्हायच्या आत सगळी ताटं वाढून तयार. प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि ताटही ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणे. वडिलांच्या जागी तीन भाकरी आणि कांदा, काकांच्या जागी भात जास्त, दाराजवळ माझ्या जागी थोडं सगळंच, कारण मला अजून माझी भूक नीट सांगता येत नव्हती. माणूस नुसता यायचा, बसायचा आणि पहिला घास घ्यायचा. ताटात टाकायचं नाही हा एकच नियम होता. तो कुणी मोडल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

मग कंपनीत कॅन्टीन निघालं. स्टीलची ताटं, बाकं, पंखे. त्याचे पैसे पगारातून परस्पर कापले जाणार होते, जेवा नाहीतर जेवू नका. आता पैसे कापलेलं जेवण सोडायचं म्हणजे कुणाच्याही जिवावर येणार. आणि मावशींना 'उद्यापासून येत नाही' म्हणायचं, तेही कुणाच्या तोंडून निघेना. वडिलांना वाटलं काका सांगतील. काकांना वाटलं वडील सांगतील. शेवटी या मोठ्या माणसांनी, ज्यांनी संपात साहेबांच्या तोंडावर घोषणा दिल्या होत्या, असा मार्ग काढला की दोन्हीकडे जेवायचं.

भोंगा झाला की हे लोक आधी कॅन्टीनमध्ये घाईघाईने जेवत आणि मग रस्ता ओलांडून पळत गोठ्यात येत. मी दाराजवळ बसलेला असल्यामुळे मला सगळं दिसायचं. वडील ट्रक चुकवत, पोट सांभाळत यायचे. मिशीला कॅन्टीनच्या भाताचं शीत असायचं.

"लई भूक लागली, मावशी," असं म्हणून ते बसत, आणि तीन भाकरींकडे असं बघत की जणू त्या पाहुण्या म्हणून आल्या आहेत आणि आता महिनाभर जाणार नाहीत.

ताटात अन्न उरायला लागलं. आधी अर्धी भाकर, मग एक, मग दोन. वेल्डरकाकांनी एकदा भात डब्यात भरून नेला. "नाइटवाल्या दोस्ताला," म्हणाले. त्या दोस्ताला कुणी कधी पाहिलं नाही.

मावशींनी शोध स्वतःपासून सुरू केला. मसाला बदलला आणि आमटी कशी झाली, असं ज्याला त्याला विचारू लागल्या. कांदा-खोबरं जास्त भाजून पाहिलं, मग कमी. बाजरीचं पीठ नव्या गिरणीतून आणलं. एका दुपारी मी लवकर पोहोचलो तर त्या मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या घेऊन चुलीची दृष्ट काढत होत्या. माणसाची दृष्ट काढतात हे मला माहीत होतं, चुलीची काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मला हसू आलं, पण मावशींचा चेहरा पाहून ते जागेवरच थांबलं.

संध्याकाळी खोलीवर मी वडिलांना म्हणालो, "मावशींना सांगायला पाहिजे."

"सांग की."

"मी?"

"तू शिकलेला आहेस. आमच्यासारखं अडाणी बोलणार नाहीस," वडील म्हणाले आणि कूस बदलून पडले. त्यांना पित्त झालं होतं. ते तेव्हा रोजच व्हायचं.

दुसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आत मावशींनीच मला चुलीजवळ बोलावलं. त्यांनी वाटीत आमटी घातली आणि माझ्यासमोर धरली.

"ए शिकल्याल्या, खरं सांग. तुला खोटं बोलाया जमत न्हाई, म्हून तुला इचारते. माझ्या हाताची चव गेली का?"

"नाही, मावशी."

"मग ही ताटात का टाकत्यात? चव गेली आसंल तर मी खानावळ मोडते. लोकान्ला वंगाळ खाऊ घालून मला जगायचं न्हाई."

मी बरंच काही ठरवून आलो होतो. सुरुवातीला परिस्थितीचं थोडं विवेचन करायचं, मग कामगारांची अडचण सांगायची. त्यातलं काहीच आठवलं नाही. मी म्हणालो, "ते जेवून येतात."

"कुठनं?"

"कॅन्टीनमधून. आधी तिथं जेवतात, मग इथं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मला वाटलं, मावशी आता रडतील. त्यांनी वाटीतली आमटी स्वतः चाखली, सावकाश, डोळे मिटून.

"म्हंजी आमटी चांगली हाय?"

"चांगली आहे."

"आन् ही रेडं मला दृष्ट काढाया लावत्यात!"

त्या दिवशी भोंगा झाला आणि मंडळी धापा टाकत आली तेव्हा गोठ्यात फक्त माझं ताट होतं. बाकी जागांवर काही नाही. वडील आपल्या जागेपाशी उभे राहिले, बसावं की नाही ते त्यांना कळेना.

"बसा," मावशी म्हणाल्या. "दोन-दोन जेवनं जेवून दमला आसाल."

मावशींनी प्रत्येकाच्या हातात ताकाचा पेला दिला. "हिंग घातलाय. पोटाला बरा. उद्यापास्नं हितं फुकट भूक लागल्याचं नाटक करायचं न्हाई. हितं भुकेलं मानूस बसंल."

वेल्डरकाका पेल्यात बघत म्हणाले, "मावशी, नाटक न्हाई हो. माया आहे."

"माया हाय तर तोंड उघडायचं. नुसतं ढेकर देता व्हय?"

मावशींनी भुकेली माणसं शोधली. भोसरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लहान वर्कशॉप निघाले होते. त्यांना ना भोंगा ना कॅन्टीन. तिथली पोरं येऊ लागली. वडिलांच्या जागी मराठवाड्यातला एक टर्नर बसू लागला आणि चार भाकरी खायला लागला. वडिलांनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा "चार?" म्हणाले.

कंपनीला गुरुवारची सुट्टी. त्या दिवशी कॅन्टीन बंद, आणि आजवर गोठाही बंदच असायचा; तो गुरुवार मावशींनी जुन्या लोकांना दिला. पहिल्याच गुरुवारी सगळे वेळेआधी येऊन बसले. खरंच उपाशी होते. वडिलांनी तीन भाकरी संपवल्या आणि न मागता आलेली चौथी मोडली. मावशी मेढीला टेकून बघत होत्या. कशी झाली, असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

वडिलांना बहुधा त्या विचारण्याचीच सवय झाली होती. ते आपणहून म्हणाले, "मावशी, आज आमटीला मीठ जरा कमी पडलंय."

"मग कॅन्टीनला जा."

वडिलांनी वाटी तोंडाला लावली आणि संपवली.