ताईच्या तीन दिवसांसाठी सौंदडला

तीस दिवसांत एक कादंबरी लिहायची, असं आव्हान आमच्या वाचनालयाच्या ग्रुपवर आलं. रोज पाच पानं, एका दिवसाची सुट्टी नाही. नाव आणि विषय रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचा. मी सातवी नापास. गोंदियात खानावळ चालवते आणि हा ब्लॉग फोनमध्ये बोलून लिहिते, चुका सून काढते. तिला सांगितलं तर हसली.

"आई, तुमाले कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर दम निघत नाही. महिनाभर कशा बसान?"

राग आला. खरं बोलणाऱ्याचाच येतो. शुक्रवारी खानावळ तिच्या गळ्यात घातली आणि विषय शोधायला निघाली.

आधी बोदलकसा तलाव. तुम्हाला जायचं असेल तर तिरोड्यापर्यंत रेल्वे, पुढं ऑटो. ऑटोवाल्याला परतीसाठी थांबवूनच ठेवा, तिथं दुसरा मिळत नाही. डबा घरून न्या. शेवटचा रस्ता जंगलातून जातो, गार वारा लागतो, बोलावंसं वाटत नाही. मलासुद्धा वाटलं नाही.

तलावावर धुकं होतं. भाताच्या गंजावरचं झाकण काढावं आणि वाफ निवांत वर जावी तसं ते उठत होतं. पलीकडची टेकडी पाण्यात उलटी झोपली होती. इथं राणीची गोष्ट सुचेल म्हणून मी काठावर बसली. राणी मनात आली, पांढरं लुगडं नेसून पाण्यावरून चाललीसुद्धा. दिसायला देखणी, पण तोंड उघडेना. तासभर वाट पाहिली.

एक म्हातारे ढिवरबाबा काठावर जाळं सोडवत होते. "काय पाहून रायल्या जी?"

"गोष्ट शोधते. पाण्याखाली एक राणी राहते, अशी."

"पान्याखाली रोहू रायते जी. रानी कायले राहील?"

"जन्म पाण्यात काढला तुम्ही. कधीच काही नवलाचं दिसलं नाही?"

"दिसते ना," ते जाळ्याची गाठ दातानं सोडवत म्हणाले. "पन मी ते घरी सांगत नाही."

एवढं बोलून ते गेले. राणीही गेली. माझ्या डोक्यात मात्र माझी थोरली बहीण येऊन बसली, सौंदडची शेवंताताई.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. धान कापता कापता ताई उठली, स्टेशनवर गेली आणि आली त्या गाडीत बसली. तिसऱ्या दिवशी परत आली. अंगावर तेच लुगडं, हातात तोच विळा. कापणीत प्रत्येक बाईची आपली एक पात असते, आपापला पट्टा. बाकी बांधी, म्हणजे धानाचं वावर, रिकामी झाली होती, ताईची पात तेवढी उभी होती. भाऊजींनी ती कोणाला कापू दिली नाही. ताई आली, वाकली आणि राहिलेली पात कापून टाकली. गाव काय काय बोललं. भाऊजींनी एवढंच विचारलं, "जेवली का?" आता भाऊजीही नाहीत. ते तीन दिवस एकट्या ताईला माहीत.

शनिवारी सकाळी बल्लारशाकडची पॅसेंजर धरली. तिकीट चहा-समोशाच्या भावात, गर्दी नाही. दोन्ही बाजूंना पिवळं धान, मधेच जंगल, परत पिवळं. गाडी अशी हलत होती की डोळे उघडे ठेवूनही झोपेत असल्यासारखं वाटत होतं. ताई अशीच बसली असेल का? कोणाशी बोलली असेल? सौंदड आलं तरी मला उतरावंसं वाटेना. तेव्हा तिचं थोडं कळलं.

ताई शेतातच होती. मीही विळा घेतला आणि बाजूची पात धरली. मला आडवळणानं बोलता येत नाही.

"ताई, ते तीन दिवस तू कुठं होती?"

तिचा विळा थांबला नाही. "काऊन?"

"कादंबरी लिहायची आहे."

"माह्यावर? तुले धानाचा भारा धड बांधता येत नाही, अन् कादंबरी बांधाले निघाली!"

"नाही म्हणायचं तर नाही म्हण. मी नावच देत नाही. दुसरी गोष्ट मला सुचत नाही."

तिनं पात संपवली. मग धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, बसली, पाणी प्याली, माझ्या केसातली काडी काढली.

"लिह. पन खोटं लिह. खरं माह्यापाशी राहू दे. माह्या एकटीचं तेवढंच आहे, वो."

संध्याकाळी नव्या तांदळाचा भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. नवा भात चिकटतो, पण वास असा की दोनदा वाढून घेतला.

रविवारी दुपारी घरी आली आणि ग्रुपवर नाव टाकून दिलं. विषय: तीन दिवस. सून म्हणाली, "फिरून काय आणलं?" काय सांगू? धुकं डब्यात भरता येत नाही. भीती मात्र सोबत आली. दुसऱ्याचं जपून ठेवलेलं हातात घेतल्यावर वाटते ती.

पहिलं पान बोलून झालं तसा ताईला फोन लावला आणि वाचून दाखवलं. "ती गाडीत खिडकीपाशी बसली. पदर तोंडाला लावून रडू लागली..."



"रडली कोन?" ताई म्हणाली. "मले हसू येऊन रायलं होतं. हातात विळा पाहून लोकं सरकून सरकून जागा देऊन रायले होते! अख्खा बाक मले एकटीले."

मी फोन कानाला दाबून धरला. तिकडं ती हसत होती, बावीस वर्षांपूर्वीच्या त्या बाकावर पाय पसरून.

"बरं," ती म्हणाली, "उद्या बी वाचून दाखव. अन् खोटंच लिह."