कारणाच्या रकान्यात मयत

पहिली काठी पोलिसाची. दोन्ही पोटऱ्यांवर एकदमच बसली आणि मी वाळूत तोंडावर पडलो. समोर समुद्र असा निळा, की फोटोतसुद्धा खोटा वाटावा. साहेबांनी 'गाडी फ्रेममध्ये येते, जरा मागं घे' म्हटलेलं, म्हणून मी उतरून मागं दगडबिगड आहे का बघत होतो. साहेबांना तो पोलीस म्हणाला, "सर, बीच बंद आहे." मला काहीच म्हणाला नाही.

कोरोनाची दुसरी लाट चालू होती. मी परभणीकडचा, नववीत शाळा सोडलेला, कल्याण पूर्वेला खोली घेऊन राहणारा. ज्या शाळेची बस चालवायचो ती शाळा बंद, म्हणून बसच्या मालकानं बस विकायला काढलेली. ठाण्याच्या वर्तकनगरातल्या साहेबांनी ती घेतली आणि बसबरोबर मलाही ठेवून घेतलं. शेजारच्या खोलीतले चौघं गाशा गुंडाळून गावी गेले, माझी चूल पेटती राहिली. हे मी विसरत नाही.

कोलशेतच्या गॅरेजात सीटा काढल्या, दोन पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली, पिवळ्यावर पांढरा रंग मारला. साहेब तिला कॅम्परव्हॅन म्हणायचे. "हॉटेल नको, कोणाच्या घरात पाऊल नको. आपलं घर आपल्याबरोबर. कोणाला काय त्रास?"

पण फिरायला जायचा पास मिळत नव्हता. आजारपणाला मिळायचा, नाहीतर मयताला. साहेबांनी कारणाच्या रकान्यात मयत लिहिलं. मयत कोण, तर मामा.

"अहो, मामा ठणठणीत आहेत," वहिनी म्हणाल्या.

"मग काय झालं? अशानं उलट आयुष्य वाढतं माणसाचं."

तो कागद मीच पुढच्या काचेला चारी कोपऱ्यांना टेप लावून चिकटवला. प्रत्येक नाक्यावर मी गाडी थांबवायचो. पोलीस कागद वाचायचे, आवाज खाली करायचे आणि सोडायचे. असे तीन दिवस साहेब, वहिनी आणि मी समुद्राच्या कडेकडेनं खाली कोकणात उतरत गेलो.

चौथ्या दिवशी दुपारी टाकी कोरडी पडली. एका वाडीच्या तोंडाशी रस्त्यावर चिरे रचून वाट बंद केलेली, आणि अलीकडेच विहीर. वाडीचं नाव सांगत नाही. साहेब म्हणाले, "कोणी नाहीये. दोन बादल्या पटकन ओढ." मी गाडी बंद केली, चावी खिशात टाकली आणि आमची बादली विहिरीत सोडली.

वर ओढेपर्यंत सात-आठ जण उभे. तोंडाला पंचे, हातात दांडके. एक जाडजूड माणूस काचेवरचा कागद वाचत होता.

"कोण गेलो?"

"साहेबांचे मामा."

"कशान?"

याचं उत्तर मला कोणी सांगितलंच नव्हतं. बस उलटली म्हणायचं, झाडावरून पडले म्हणायचं. पण दोन महिने कानावर एकच शब्द पडत होता, तोच तोंडातून गेला.

"ताप आलेला."

दांडका खांद्यावर बसला. "तापान गेलेल्याच्या मयताक जावन इलास, आणि आमच्या बावीत बादली सोडतंस?" दुसरा हातावर. एक दगड कानाजवळून गाडीच्या पत्र्यावर आदळला, पुढचा माझ्या भुवईवर. डोळ्यात रक्त उतरलं. मी गाडीकडं पळालो, बाजूचा दरवाजा ओढला. बंद. आतून पडदा हलला.

"साहेब! साहेब, उघडा!"

पाठीत लाथ बसली. "गाडी काढ! आत्ताच्या आत्ता काढ हयसून!"

"काढतो, काढतो, चावी माझ्याजवळच आहे, सोडा फक्त!"

सोडायला कोणी तयार नाही, काढायला मात्र सगळे ओरडतायत. मी दरवाजाच्या पायरीला कवटाळून पडलो आणि वरून मार. डाव्या हाताचं बोट मोडलं तेव्हा आवाज मला ऐकू आला. वाटलं, हा दरवाजा उघडला नाही तर मी इथंच संपणार, आणि माझ्या आईला कळवणार कोण?

आतून झटापट ऐकू आली. साहेबांचा आवाज, "अगं, वेडी आहेस का!" आणि दरवाजा सरकला. वहिनी. मास्कसुद्धा नव्हता.

"कोणी मेलेलं नाही हो! खोटं लिहिलंय आम्ही! फिरायला आलोय. त्याला सोडा."

हात थांबले. त्या जाड माणसानं तोंडावरचा पंचा खाली केला.

"फिराक?"

वहिनींनी मान हलवली.

"माझो भाव डोंबिवलीत गेलो," तो म्हणाला. "तीनदा अर्ज केलंय. माका पास गावलो नाय."

मला वाटलं, आता वहिनींवर उगारतो. मी गुडघ्यांवर उठून मध्ये झालो. पण तो पुढं गेला आणि त्या कागदावरच दांडका घातला. एकदा, दोनदा, काच पार जाळी होऊन आत येईपर्यंत. शेवटी बाकीच्यांनीच त्याला मिठी मारून ओढून नेलं.

मी फुटक्या काचेतल्या भोकातून बघत गाडी ठाण्याला आणली. बोटाला वहिनींची ओढणी, आणि ते बोट गिअरवर. परतीच्या नाक्यांवर कोणी कागद मागितलाच नाही. आता आम्ही खरंच मयताहून आल्यासारखे दिसत होतो.

पनवेल सोडल्यावर साहेब माझ्या शेजारी येऊन बसले.

"काय रे, ताप कशाला सांगितलास?"

"चुकलं, साहेब."

साहेबांनी एकदा मागं दरवाजाकडं बघितलं. "आणि त्या दरवाजाचं लॉक... आपोआप पडतं ना ते?"

दोन वर्षं मी त्याच दरवाजातून पोरं चढवली-उतरवली. त्याची कडी अंगठ्यानं जोर लावून दाबावी लागते, मोठ्या पोरांनाही जमायची नाही. मागं वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

"हो साहेब," मी म्हणालो. "पडतं कधीकधी."

"बदलून घेऊ."

पुढच्या आठवड्यात त्यांनी खरंच नवीन लॉक बसवलं, आणि माझ्या भुवईच्या टाक्यांसाठी दोनदा स्वतः दवाखान्यात आले. मी अजून त्यांच्याकडेच आहे, आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. फक्त कुठं पाण्याला उतरलो की उजवी चप्पल दरवाजात अडकवतो आणि त्या पायानं अनवाणी जातो.