हरकत राखून केलेली सही

गडहिंग्लजच्या स्टँडवर बेळगावची गाडी लागली तेव्हा वडिलांनी माझ्या हाती ना अंगारा दिला, ना दह्याची वाटी. ते कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत. त्यांनी खिडकीतून एवढेच सांगितले, "परक्या गावात सह्या कराव्या लागतील. पटत नसेल तिथं सहीच्या वर हरकत लिही. मग कधीही भांडता येतं." गाडी हलली आणि आई पदराने डोळे पुसू लागली. वडील मात्र कंडक्टरला सामानाच्या भाड्याची पावती मागत राहिले.

गावी राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्याच निघून आलेल्यांनो, हे पत्र त्या उपदेशाविषयी आहे. मी तो बंगळूरमध्ये चाळीसहून अधिक वर्षे पाळला.

चिकपेटेत कापडदुकानांच्या मागे पहिली खोली मिळाली. घरमालकीण कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घराण्यातली. सगळे तिला अक्का म्हणत. तिच्या भाडेपत्रात पाण्याच्या वेळेविषयी एक अन्यायकारक अट होती. मी सहीच्या वर लिहिले, 'हरकत राखून'. अक्का मोठ्याने हसली. "काय अण्णा, बादलीभर पाण्यासाठी कोर्टात जाणार काय? स्वल्प ॲडजस्ट करा की." मी ॲडजस्ट केले नाही. सुमनने, माझ्या पत्नीने, दुसऱ्याच दिवशी अक्काच्या नळावर हंडा लावला आणि महिन्याभरात भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करू लागली. या शहरात आमचे घर मांडले ते तिने. मी कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि उरलेल्या वेळात महापालिकेला, वीज मंडळाला, बँकेला पत्रे लिहिली. पुष्कळ पत्रांत जिंकलोही.

आता आम्ही दोघेच असतो. दोन वर्षांपूर्वी सुमनच्या हाताला कंप सुरू झाला. वरणभात तोंडापर्यंत पोचेपर्यंत अर्धा पदरावर सांडे. मी भरवू लागलो की ती तोंड फिरवी. "मी काय तान्हं मूल आहे?" एवढेच म्हणे. डॉक्टरांनी जड मुठीचा एक चमचा सुचवला. त्याच्या वजनामुळे हात स्थिरावतो आणि माणूस आपल्या हाताने जेवू शकतो. मला तो इथे कुठल्याच दुकानात मिळाला नाही. म्हणून परदेशातील एका संकेतस्थळावरून मागवला. सुमनने पत्ता स्वतः तपासला. त्या दिवसापासून फाटकाशी कुणी थांबले की ती मान वर करून पाही.

चमचा विमानतळापर्यंत आला आणि तिथेच थांबला. कुरियर कंपनीचा निरोप आला : सीमाशुल्क, त्यावरचा कर, कागदपत्रांचे शुल्क, आणि आमच्या वतीने सरकारकडे शुल्क आगाऊ भरल्याबद्दल आणखी एक शुल्क. सगळे मिळून जवळजवळ दुसरा चमचा आला असता. सरकारचे देणे मला मान्य होते. ते कायद्यात आहे. पण माझ्या वतीने पैसे भरण्याची विनंती मी केली नव्हती, आणि मागवताना हा आकडा कुठेही दाखवलेला नव्हता. मी नोंदणीकृत टपालाने विचारले, हे शुल्क कोणत्या तरतुदीखाली? उत्तर आले ते यंत्राने लिहिलेले, आभारासह. त्यानंतर साठवणुकीचे शुल्क सुरू झाले.

सुमन म्हणाली, "अहो, भरून टाका ना."

मी भरायला तयार झालो, पण माझ्या पद्धतीने. पार्सल सोडवण्यासाठी एक अधिकारपत्र सही करून द्यायचे असते. सहीच्या वर मी स्वच्छ अक्षरात लिहिले, 'आगाऊ भरणा शुल्कास हरकत राखून, करार कायद्याच्या कलम ७२ अन्वये परताव्याचा हक्क अबाधित ठेवून.' तो कागद घेऊन दोन बस बदलून देवनहळ्ळीजवळच्या त्यांच्या गोदामात गेलो. खिडकीतल्या मुलीने तो दोनदा वाचला.

"सर, ही ओळ नको. कोरा फॉर्म देते, सही करा. संध्याकाळी पार्सल सुटेल."

"ही ओळ म्हणजे माझा हक्क आहे."

"हक्क ठेवा ना सर, फक्त फॉर्मवर नको. काही जास्त लिहिलेला फॉर्म सिस्टम घेत नाही. माझ्या आजोबांसारखे आहात म्हणून सांगते."

मी कोरा फॉर्म घेतला नाही. तिथेच बाकावर बसून तिच्या वरिष्ठांना पत्र लिहिले, पोच घेतली आणि परतलो. घरी सुमनने माझ्या हाताकडे पाहिले. पिशवीत पोच होती.

मुदत संपली. पार्सल पाठवणाऱ्याकडे परत गेले. पुढे पाचव्या पत्राला उत्तर आले, सहीशिक्क्याचे : 'विशेष बाब म्हणून सदर शुल्क माफ करण्यात येत आहे.' मी ते सुमनला मोठ्याने वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला चमचा हवा होता हो. निकाल नको होता."

मी पुन्हा तोच चमचा मागवला. त्यांच्याकडचा साठा संपला होता. यायला चार महिने लागले. या वेळी प्रत्येक शुल्क भरले आणि सहीच्या वर काही लिहिले नाही. खोके सुमननेच उघडले. चमचा सुरेख होता. तिने तो उचलला. हात ताटापासून वीतभर वर आला आणि खाली टेकला. त्या चार महिन्यांत तिच्या मनगटातले बळ गेले होते. त्याच वजनाने हात स्थिरावायचा होता, आणि तेच आता तिला पेलवत नव्हते. "छान आहे," ती म्हणाली, "ठेवून द्या."

मला अजूनही त्या शुल्काचा संताप येतो. ते चूकच होते आणि मी पुन्हा तसेच लिहीन. पण त्या बाकावर कोरा फॉर्म माझ्यापासून हातभर अंतरावर होता. याचा दोष मला इतर कोणावर ढकलता येत नाही.

धाकटा भाऊ दर दिवाळीला विचारतो, घरी कधी येणार? बाबा रे, गावच्या घराला आता कुलूप आहे, आणि ज्या शहराला मी आयुष्यभर परके समजलो तिथल्या शेजारणी सुमनसाठी न सांगता मऊ भात आणून देतात. घर आता जेवणाच्या टेबलापाशी आहे. तिची खुर्ची भिंतीकडे, माझी तिच्या बाजूला वळवलेली. मी भरवतो. ती तोंड फिरवत नाही. घास घेताना डोळे मात्र मिटून घेते. भात गिळून होईपर्यंत मी थांबतो, मग पुढचा घास कालवतो.