पुकारल्याशिवाय बी. ए. नाही

मी इंटरला दोनदा नापास झालो आणि त्यातलं एकदाच घरी सांगितलं.

दुसरं वडिलांना कळलं ते रेवसच्या लाँचच्या धक्क्यावर, भर गर्दीत! तेव्हापासून माझ्या शब्दाला घरात कवडीची किंमत उरली नाही. पुढे मी खरोखरच बी. ए. झालो (माझाही विश्वास बसत नव्हता, ते सोडा), तेव्हा वर्तमानपत्रातला नंबर मी त्यांच्यापुढे धरला.

"नंबर कुनाचा बी आसंल. नाव कुटं हाय?"

"नावं छापत नाहीत, बाबा."

"मंग पुकारतात कुटं?"

आमच्या मिठागरवाल्यांच्या गावात लग्नातला आहेरसुद्धा पुकारून देतात. 'जोमा पाटलाकडून एक तांब्याऽऽ!' असं मांडवात ओरडल्याशिवाय तांब्या दिला असं कोणी धरत नाही. तेव्हा ठरलं, की पदवीदान समारंभात माझं नाव पुकारलं तर मी खरा, नाहीतर पुन्हा खोटा! साक्षीला शेजारचे जोमाकाका. मी छाती पुढे काढून हो म्हणालो. (तिथे काय करतात हे मला तरी कुठे ठाऊक होतं!)

समारंभाच्या दिवशी भाड्याचा काळा झगा मला जेमतेम गुडघ्यापर्यंत आला. "वकील झालास का काय रं?" जोमाकाका म्हणाले. वडिलांच्या अंगावर ठेवणीतलं धोतर, नवी टोपी, आणि पहाटेपासून पोटात चहाचा घोटही नाही. ते बघून मला पहिल्यांदाच भीती वाटली, की नाव पुकारलंच नाही तर?

ती खरी ठरली. कुलगुरू इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. आम्ही दीडदोनशे जण एकदम उठलो, एकदम वाकलो, एकदम बसलो. संपलं! झालो पदवीधर!

"ओ सायेब!" गॅलरीतून आवाज आला. मिठागरात या टोकाकडून त्या टोकाला हाक मारायची सवय असलेला आवाज! "नारायन धर्मा ऱ्हायला! आमच्या नारायनचा नाव पुकारला नाय!"

अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. मी झग्यात तोंड लपवायला गेलो, पण तेवढा झगाच नव्हता.

"बस, धर्मा," जोमाकाका तेवढ्याच जोरात म्हणाले, "पोरानी पुन्यांदा फशिवला!"

बाहेर मी धावत जाऊन खिडकीवरून प्रमाणपत्र आणलं. "हे बघा, बाबा! वाचून दाखवतो."

"तू नको वाचू!"

शेवटी वडिलांनी दारातल्या पट्टेवाल्या शिपायाला गाठलं. तो बोर्ली पंचतनचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला निघाला. त्याने अक्षरांवर बोट ठेवत ठेवत नाव वाचलं.

"आसा नाय," वडील म्हणाले. "पुकार."

शिपाई भला माणूस. पायरीवर चढला, पट्टा सावरला आणि ओरडला, "नारायण धर्मा पाटील, बी. ए. पाऽऽस!"

जोमाकाकांनी टाळ्या वाजवल्या. झगेवाले पदवीधर पोट धरून हसत होते. वडिलांनी टोपी काढून डोळ्यांना लावली, आणि मलाही समोरचं काही दिसेना.

परतीच्या लाँचमध्ये मी हळूच विचारलं, "आता तरी पटलं ना, बाबा?"

"पटला," वडील म्हणाले. "शिपाय कशाला खोटा बोलंल? तो काय तुज्यासारका बी. ए. हाय?"