झाड व्हायचं, पळायचं नाही

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितली आहे, दरवर्षी वर्गात उभं राहून सांगितली आहे, पण खोटी. खरी माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगते. ऐकून माझी किळस आली तर येऊ द्या, मला तर येतेच.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, काशीद आणि मुरुडच्या मधल्या एका कोळीवाड्यात. इथे कुत्र्यांचा धडा पुस्तकात नसला तरी शिकवावा लागतो. शनिवार-रविवार पर्यटक किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं चारतात, कोंबडीची हाडं टाकतात, फोटो काढतात आणि गाडीत बसून चालते होतात. सोमवारी किनारा रिकामा, आणि तीच कुत्री दिसेल त्याच्या पिशवीमागे. त्यात आमची पोरं! वाळत घातलेली मासळी राखायला बसायचं आणि कुत्रं आलं की दगड उचलून आरडत अंगावर धावायचं — हे ती चालायला लागल्यापासून शिकलेली. वाड्यातलं ओळखीचं कुत्रं त्याने पळतं. बाहेरून आलेलं उलटतं.

म्हणून मी शिकवायचे — झाड व्हायचं. पळायचं नाही, ओरडायचं नाही, कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. हात अंगाशी, नजर खाली. हातात खायचं काही असेल तर लांब फेकून द्यायचं. पडलातच तर पाय पोटाशी घेऊन, कान झाकून गोळा व्हायचं. वर्गात मी गुरगुरणारं कुत्रं व्हायचे आणि पोरं झाडं. चौथीतली निकिता सगळ्यांत छान झाड व्हायची. तिच्या नाकासमोर जाऊन भुंकले तरी पोरीची पापणी हलायची नाही. बाकीची फिदीफिदी हसायची.

तर तो सोमवार. शाळा सुटली आणि मी एसटी पकडायला किनाऱ्याच्या वाटेने निघाले. निकिता सोबत होती, तिचं घर वाटेतच. माझ्या पिशवीत सुके बोंबील होते, तिच्याच आईकडून घेतलेले. सुरूच्या झाडांतून एक भुरकट कुत्रं आलं. कधी न पाहिलेलं. आलं ते सरळ पिशवीवर.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? पिशवी फेकायची, बस्स! पहिलीतल्या पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. मी ती छातीशी आवळून धरली. किंचाळले. आणि — शी! सांगतानाही तोंड कडू होतं — निकिताच्या खांद्यांना धरून मी तिला पुढे केलं. माझ्या आणि कुत्र्याच्या मध्ये. चांगली धडधाकट बाई मी, एवढ्याशा पोरीच्या मागे दडले.

आणि ती? ती झाड झाली. माझ्या हातांना कळत होतं ना — तिचे खांदे हलत नव्हते. हात अंगाशी, मान खाली. कुत्रं पिशवीवर झेपावलं आणि दात बसले तिच्या दंडात. तेव्हा मी तिला सोडलं आणि पळाले. हो, मी. पिशवी घेऊन पळाले.

जाळी दुरुस्त करत बसलेले दोघे जण धावत आले, कुत्र्याला हाकललं. तोवर मीही परत फिरून तिच्याजवळ येऊन उभी होते, जशी काही तिथून हललेच नव्हते. मग मात्र सगळं शहाण्यासारखं केलं. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुतली, खूप वेळ धुतली, सरकारी दवाखान्यात नेलं, इंजेक्शन देताना हात धरून बसले. वाड्यात लोक म्हणाले, बाई होत्या म्हणून पोर वाचली. मी ते ऐकून घेतलं.

तिच्या आईने एवढंच विचारलं, "कुत्रा चावला कसा वो बाई? तुम्ही तं शिकवलेला ना त्यांना?"

"पळाली हो ती," मी म्हटलं. आधी काही ठरवलं नव्हतं. एवढं गुळगुळीत खोटं माझ्या पोटात तयारच होतं की काय, देव जाणे.

निकिता पट्टी बांधलेला हात सांभाळत म्हणाली, "मी न्हाय पलाली." आईने तिलाच दटावलं — बाई काय खोटं बोलतील? आणि मी काय करावं? मी तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि गोड आवाजात सांगितलं की घाबरल्यावर लहान मुलांच्या लक्षात राहत नाही, बाळा. ती माझ्याकडे बघत राहिली. ते पुन्हा कधी बोलली नाही. हळूहळू तिला ते खरं वाटू लागलं असावं. चावा कुत्र्याचा होता, पण हे? हे तर मी शांतपणे, मायेने केलं. ह्याचीच मला जास्त शिसारी येते.

पुढे बदल्या झाल्या, फिरून याच शाळेत आले. जिथे गेले तिथे गोष्ट बरोबर नेली. एक मुलगी होती, खूप हुशार, पण ऐन वेळी पळाली आणि काय झालं बघा. पोरं डोळे मोठे करून ऐकायची. धड्याला अशी गोष्ट असली की तो चांगला रंगतो, आणि मी तो रंगवायचे, निर्लज्जासारखा.

यंदा निकिताचा मुलगा पहिलीत आला. त्याला सोडायला आली तेव्हा बाहीखाली दंडावरचा व्रण दिसला. हसून म्हणाली, "बाई, याला पन झाड व्हायला शिकवा. माझ्यासारखा नको पलायला." मी म्हटलं, हो तर, शिकवीन ना.

सोमवारी शिकवलं. गोष्टही सांगितली. जिभेला वळणच पडलंय. पहिल्या रांगेतून त्याने हळूच हात वर केला आणि म्हणाला, "बाई, ती माझी आय हाय. माझी आय पलालेली." सगळा वर्ग हसला. मी गप्प बसवलं नाही. खरं सांगू? मीही थोडी हसले.

मग म्हटलं, चला, झाडं व्हा. मी त्याच्यासमोर गेले आणि भुंकले. हात अंगाशी, नजर खाली. त्याची पापणी हलली नाही.

त्याची आई पळाली नव्हती. मी पळाले होते.