साइट तीन सेकंदांत उघडते

ऑफिसातले किस्से असे साठतात, की एक सांगायला घ्यावा तर मागचे तीन ढकलाढकली करत पुढे येतात. मी वर्गात फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे ते जरा जास्तच साठलेत. ऐकणारे हसतात. मला अजून हसू येत नाही.

आधी कोण कुठलं ते सांगते. माझी ताई उल्हासनगरला वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. खाली जीन्सचं दुकान, वर ऑफिस. ताईचं काम टेस्टिंगचं. एकदम खूप लोक आले तर साइट टिकेल का, हे तिनं आधीच बघून ठेवायचं. त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. ते शेकडो खोटी माणसं बनून साइटवर तुटून पडतं. माझी नववीची परीक्षा संपली होती, आई कामावर, म्हणून ताई मला सोनिवलीहून रोज बरोबर न्यायची. मी कोपऱ्यात स्टुलावर. थोड्याच दिवसांत मी तिथे आहे हे सगळे विसरले.

तेव्हा काम चालू होतं पालेगावजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं. जागा थोड्या, फॉर्म ऑनलाइन, जी आधी भरेल तिला खोली. आमच्या शाळेतली वनिता त्याच फॉर्मची वाट बघत होती. ती माझ्यापुढे एक वर्ष, बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. दहावीला शाळेत पहिली आली. पण कॉलेज सुटल्यावर पाड्याकडे जायला गाडी मिळत नाही. वसतिगृह मिळालं तर अकरावी, नाहीतर घरी. एवढं साधं होतं ते.

* * *

पहिली मीटिंग. वसतिगृहाचे सचिवसाहेब आले होते. ताईनं विचारलं, फॉर्म सुरू झाल्या झाल्या एकदम किती मुली येतील? त्याप्रमाणे टेस्ट ठरवायची होती.

साहेबांना प्रश्नच आवडला नाही. "एकदम कशाला येतील? आमच्याकडे शिस्त आहे. एकीमागून एक येतील."

ताईचे बॉस विनय सर जोरात मान हलवत होते. प्लॅनमध्ये त्यांनी तसंच लिहायला लावलं. एका वेळी एक मुलगी.

* * *

ताईनं पिच्छा सोडला नाही, तेव्हा सरांनी स्वतःच टेस्ट घेतली. ऑफिसातल्या सगळ्यांना मोबाइल काढायला लावले. माणसं कमी वाटली म्हणून खालच्या जीन्सवाल्या काकांनाही वर बोलावलं. मग म्हणाले, "एक, दोन, तीन, क्लिक!"

ऑफिसच्या वायफायवर साइट झटकन उघडली.

काका घाईत होते. "हो गया क्या? नीचे गिऱ्हाईक खडा है."

"हो गया," सर म्हणाले. "लोड टेस्टिंग."

* * *

शेवटी ताईनं खरी टेस्ट लावली, पण त्यातही एक गंमत निघाली. प्रत्येक खोटी मुलगी फॉर्मला एकच फोटो जोडत होती, नखाएवढा पांढरा चौकोन. खऱ्या मुली मोबाइलवर काढलेले फोटो जोडणार, ते केवढे जड! ताईनं तसे फोटो घातले आणि पुन्हा टेस्ट सुरू केली. साइट बसली. पार बसली.

सर केबिनमधून धावत आले आणि सगळ्यांदेखत ओरडले, की तू साइट पाडलीस.

ताई शांतपणे म्हणाली, "आज मी पाडली. त्या दिवशी मुली पाडतील."

"मग टेस्ट बंद कर. टेस्ट केली नाही तर पडणारच नाही."

हे त्यांनी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं. मी स्टुलावर बसून हाताची नखं खात होते.

* * *

रिपोर्टचीही तीच गत. बऱ्याच खोट्या मुलींचं पान लगेच उघडत होतं, पण शेवटच्यांचं मिनिटभर उघडत नव्हतं आणि काहींचं उघडलंच नाही. ज्यांचं उघडलंच नाही त्या सरांनी मोजल्याच नाहीत. उरलेल्यांची सरासरी काढली. तीन सेकंद.

ताई म्हणाली, "सर, वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून नापास झालेल्यांना पण पेढे वाटणार का?"

सरांनी रिपोर्टच्या आलेखातल्या लाल रेषा हिरव्या करायला सांगितल्या. लाल रंग क्लायंटच्या डोळ्यांवर येतो म्हणे.

* * *

आणि सरांनी केलेली दुरुस्ती! सर्व्हर वाढवायचा नव्हता, कोड बदलायचा नव्हता. त्यांनी फॉर्मवर एक गोल फिरणारं चाक बसवलं आणि त्याखाली लिहिलं: "कृपया थांबा. तुम्ही रांगेत आहात. पान रिफ्रेश करू नका."

ताईनं विचारलं, पण अशी रांग आहे कुठे? सर्व्हरनं एकदा फॉर्म सोडून दिला की हे चाक नुसतंच फिरत राहील.

"फिरू दे ना. लोक शांत बसतात," सर म्हणाले.



* * *

फॉर्म सुरू झाले त्या सकाळी साइट बसली, ताईच्या टेस्टमध्ये बसली होती तशीच. ज्या मुलींनी सूचना न जुमानता पान पुन्हा पुन्हा उघडलं, त्यांचे फॉर्म हळूहळू गेले. दुपारपर्यंत जागा संपल्या.

दुसऱ्या दिवशी वनिता आणि तिचे बाबा वसतिगृहाच्या ऑफिसात आले. ताईनं रजा टाकली होती, तीही आली. मी तिच्या मागे उभी होते. साहेबांच्या मागच्या भिंतीवर तो हिरवा आलेख चक्क फ्रेम करून लावला होता.

ताईनं काय झालं ते सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, खुर्ची वळवली आणि फ्रेमकडे बोट दाखवलं. साइट तीन सेकंदांत उघडते, हे कंपनीनंच लिहून दिलंय, म्हणाले. मग वनिताकडे वळले.

"पोरी, तू उशीर केलास. बाकीच्या मुली शिस्तीत आल्या, रांगेनं आल्या. तू कुठे होतीस?"

वनिताचे बाबा खाली बघत होते. वनितानं पिशवीतून फोन काढला. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवला होता तिनं तो. घरात कुणाला हात लावू दिला नव्हता. फोन तिनं दोन्ही हातांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला.

चाक फिरत होतं.

"मी अजून रांगेतच आहे, साहेब."